मुरायला वेळ लागतो : सिगारच्या पेटीची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



आजची गोष्ट फेब्रुवारी १९६२ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये सुरू होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी संध्याकाळी आपले प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांना बोलावून घेतात. म्हणतात, मला जरा मदत हवी आहे, मला सिगार हवेत. सॅलिंजर स्वतः सिगारचे शौकीन. ते विचारतात, किती? उत्तर येतं, हजारेक. आणि कधीपर्यंत? तर उद्या सकाळपर्यंत!

हवे होते ते क्यूबाचे 'पेटिट अपमन' नावाचे छोटे सिगार. सॅलिंजर त्या संध्याकाळी ओळखीच्या दुकानांमध्ये फिरले आणि सकाळी आठच्या सुमाराला राष्ट्राध्यक्षांसमोर हजर झाले. १,२०० मिळाले होते. केनेडी खूश झाले, टेबलाचा खण उघडला, एक लांबलचक कागद काढला आणि सही केली. तो कागद होता क्यूबाशी सगळा व्यापार बंद करण्याच्या हुकमाचा. ही हकीकत सॅलिंजर यांनीच पुढे, १९९२ मध्ये, लिहून सांगितली.

आता बहुतेक जण इथे हसतात आणि पुढे जातात. मला मात्र एक वेगळाच प्रश्न पडतो. हे १,२०० सिगार त्या माणसाने ठेवले कुठे असतील? कारण सिगार म्हणजे काही बिस्किटाचा पुडा नाही. उघड्यावर ठेवला तर काही दिवसांत वाळून कडकडीत होतो. जास्त ओला राहिला तर बुरशी धरते. आणि नीट ठेवला तर तो मुरतो. हो, मुरतो हाच शब्द! लोणचं मुरतं, तसा.

तर आजचा भाग आहे सिगार घरी साठवायच्या आणि मुरवायच्या इतिहासावर. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी सिगार ओढत नाही आणि तुम्ही ओढावा म्हणून हा भाग केलेला नाही. तंबाखूने शरीराचं काय होतं, तेही शेवटाकडे येणारच आहे. पण एका लाकडी पेटीत साम्राज्य, क्रांती, व्यापारबंदी आणि आपल्या निपाणीचा रस्ता, हे सगळं एकत्र कसं येतं ते ऐकण्यासारखं आहे. मला त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : वाट बघायची ऐपत. ती कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते.

पान आलं कुठून?

नोव्हेंबर १४९२. कोलंबसची जहाजं क्यूबाच्या किनाऱ्याला लागली होती. त्याने दोन माणसं बेटाच्या आत पाठवली, रॉड्रिगो द हेरेस आणि लुईस द तोरेस. सोनं आणि चीनचा सम्राट शोधायला गेले होते बिचारे! त्यांना दिसले हातात पेटत्या पानांची गुंडाळी धरून धूर ओढणारे ताईनो लोक. युरोपीय माणसाने पाहिलेला हा पहिला सिगार, असं म्हणायला हरकत नाही.

तिथून तंबाखू स्पेन-पोर्तुगालला गेली, आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. उत्तरेकडे ती गेली ती दख्खनमधून. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता, तिथे त्याला तंबाखू बघायला मिळाली. १६०५ च्या सुमाराला त्याने ती नक्षीदार नळीसह अकबरापुढे नजर केली. बादशहाने एक-दोन झुरके घेतले, हकीम घाबरले, आणि दरबारात वाद झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. बंदीचं काय झालं हे तुम्ही कोपऱ्यावरच्या टपरीकडे बघून सांगू शकता.

आपल्याकडे सिगारला जुना शब्द आहे चिरूट. हा मूळचा तमिळ, 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेलं. इंग्रजीतही तोच गेला. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलचे चिरूट इंग्रजांच्या काळात इतके माहितीचे होते की १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स राखेवरून त्रिचनापल्लीचा सिगार ओळखतो.

पण नाव झालं ते क्यूबाचं. स्पेनच्या राजाने तिथल्या तंबाखूवर १७१७ पासून सरकारी मक्तेदारी ठेवली होती, ती बरोबर शंभर वर्षांनी, १८१७ मध्ये उठली. हवानात कारखाने वाढले. आणि नेमका इथूनच साठवणीचा प्रश्न सुरू झाला.

हवाना ते लंडन : दमट पान, कोरडं घर

हवानाची हवा दमट. वर्षभर साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रता. सिगार जिथे वळला जातो, तिथे तो नुसता फळीवर ठेवला तरी मऊ राहतो. आता हाच सिगार डिसेंबरमध्ये लंडनला नेला तर? बाहेरची हवा थंड, आणि थंड हवेत मुळात वाफ कमी मावते. तीच हवा घरात घेऊन शेकोटीने तापवली की आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत उतरते. आपले ओठ फुटतात, तसं सिगारचं वरचं पानही फुटतं. त्यातली सुवासिक तेलं उडून जातात. मग तो भराभर जळतो आणि धूर गरम, तिखट लागतो.

म्हणजे युरोपातल्या श्रीमंतांना सिगार नुसता विकत घेऊन भागत नव्हतं. सिगारसोबत हवानाची हवाही घरात आणून ठेवावी लागत होती. ह्युमिडॉर म्हणतात ती पेटी म्हणजे तेच, एका बेटाचं हवामान बंद करून ठेवलेला डबा.

पेटीचं लाकूड तर फारच मजेशीर. त्याला म्हणतात 'स्पॅनिश सीडर'. पण ते स्पेनचं नाही आणि सीडरही नाही. हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा, महोगनीच्या कुळातलं. आणि त्याच कुळात आणखी कोण आहे माहितीये? आपला कडुनिंब! आजी धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालायची ना? कीड लागू नये म्हणून? तर जगाच्या दुसऱ्या टोकाला लोक कडुनिंबाच्या चुलतभावाची पेटी करून त्यात तंबाखू ठेवत होते, आणि त्याच आशेने. शिवाय हे लाकूड दमटपणा शोषून घेतं आणि हवा कोरडी झाली की परत सोडतं. वास देतं तो वेगळाच.

हरमन अपमन नावाचा जर्मन बँकर १८४४ च्या सुमाराला हवानात आला. आपल्या गिऱ्हाइकांना सिगार पाठवायला त्याने सीडरच्या पेट्या वापरायला सुरुवात केली, असं सांगतात. केनेडींचे 'अपमन' ते याच नावाचे. बँकरने तिजोरीचा विचार सिगारला लावला, यात मला तरी नवल वाटत नाही.

मुरतं म्हणजे नक्की काय होतं?

इथे जरा थांबून नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

तंबाखूचं पान तोडून आधी वाळवतात. मग पानांच्या जुड्या ओलसर करून त्यांच्या गंजी रचतात. गंजीच्या पोटात ऊब तयार होते, अगदी शेणखताच्या खड्ड्यासारखी. उष्णता ४० अंशांच्या आसपास जायला लागली की गंजी मोडायची, आतलं बाहेर, बाहेरचं आत करायचं. या आंबण्यात पानातला अमोनिया उडून जातो. नंतर पानं गाठोड्यात बांधून पुन्हा ठेवतात. काही पानांना शेतातून सिगारपर्यंत पोचायला दोन वर्षं लागतात.

मग सिगार वळला जातो. वळताना पान पुन्हा ओलं केलेलं असतं, म्हणून आत थोडं आंबणं परत सुरू होतं. नवा सिगार काही महिने अमोनियाचा वास मारतो. जाणकार त्याला सिगारचा 'आजारी काळ' म्हणतात. तो सरला की पहिलं मुरणं. आणि मग सावकाश, वर्षानुवर्षं, तुरटपणा कमी होत जातो, वेगवेगळ्या पानांच्या चवी एकमेकांत मिसळतात. हाँगकाँगच्या मिन रॉन नी यांनी २००३ मध्ये क्यूबन सिगारचा जाडजूड कोश काढला. त्यात आजारी काळ आणि त्यानंतरची मुरण्याची टप्प्याटप्प्याची मांडणी आहे. संग्राहक मंडळी आजही ती समोर ठेवून पेट्या उघडतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. लोणचं मुरतं तसंच ते बिघडतंही. फोड चांगली असेल, मीठ बरोबर असेल, दादरा घट्ट बांधला असेल, तर वर्षभराने बोटं चाटाल. मुळात कैरी सडकी असेल तर कितीही थांबा. सिगारचंही तेच. हलका सिगार दहा वर्षं ठेवला म्हणून भारी होत नाही, नुसता फिका होतो.

हळदीतला किडा

या गोष्टीत एक खलनायक आहे, आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात येऊन गेलेला असण्याची दाट शक्यता आहे. दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस तपकिरी भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. सिगारला टाचणीएवढी गोल भोकं पाडतो. आणि हाच किडा हळकुंडात, धण्यात, मिरचीतही लागतो! तुतनखामेनच्या थडग्यातही याचे अवशेष सापडलेत. म्हणजे जुन्या जगाने तंबाखूचं नावही ऐकलं नव्हतं, तेव्हापासून हा साहेब माणसाच्या साठ्यावर जगतोय.

अंडी पानातच असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पेटीचं तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की ती फुटायची भीती. सीडरच्या वासाने हा किडा थोडाफार बिचकत असेल, पण अंड्यांचं काही बिघडत नाही. म्हणून आता क्यूबातून बाहेर पडणारे सिगार आधी गोठवून काढतात.

चर्चिलचा फोन

आता लंडनला जाऊ. विन्स्टन चर्चिल १८९५ मध्ये, एकविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, क्यूबातलं युद्ध बघायला गेला होता. तिथून सिगार त्याच्या तोंडात गेला तो कायमचा. त्याच्या चार्टवेल इथल्या घरी सिगारची स्वतंत्र खोली होती, तिथे तीन-चार हजार सिगार असायचे. खोक्यांवर साध्या चिठ्ठ्या, मोठे, छोटे, वेष्टनातले, उघडे, असं त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या सेवकाने लिहून ठेवलंय.

लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिलचं दुकान होतं, १९०७ पासूनचं. तिथे बड्या गिऱ्हाइकांचे सिगार दुकानातच जपून ठेवायची सोय होती. बँकेच्या लॉकरसारखी. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब पडले आणि दुकान उद्ध्वस्त झालं. असं सांगतात की व्यवस्थापकाने रात्री दोनला पंतप्रधानांना फोन केला आणि कळवलं, साहेब, तुमचे सिगार सुखरूप आहेत.

लंडनमध्ये हा किस्सा धीराचा म्हणून सांगतात. दुकान पडलं, पण गिऱ्हाइकाचा माल वाचवला! त्यात खोटं काही नाही. पण मराठीत ही गोष्ट सांगताना मला १९४२ चा बंगाल आठवतो. जपानी सैन्य येईल म्हणून किनारपट्टीच्या जिल्ह्यांतला तांदळाचा साठा सरकारने हलवला, होड्या जप्त केल्या. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, आणि काही अंदाजांप्रमाणे तीस लाखांपर्यंत माणसं गेली. दुष्काळाला कारणं अनेक होती, एका माणसावर सगळं टाकता येणार नाही. पण लंडनच्या मंत्रिमंडळाकडे धान्याची जहाजं मागितली जात होती आणि ती पुरेशी मिळाली नाहीत, हे कागदोपत्री आहे. एकाच साम्राज्यात, दोन-तीन वर्षांच्या अंतरात, एका साठ्याची खबर रात्री दोनला पोचते आणि दुसऱ्या साठ्याचं काय झालं ते विचारायला कोणी येत नाही. मला वाटतं, कोणत्याही राजवटीबद्दल जाणून घ्यायचं असेल तर तिने काय जपून ठेवलं ते आधी बघावं.

पेटीला भाव येतो

परत केनेडींकडे. त्याच्या आधी क्यूबात काय झालं होतं? १९५९ मध्ये क्रांती झाली. १५ सप्टेंबर १९६० ला कास्त्रो सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. मालक घराणी देश सोडून गेली. काहींनी सोबत बी नेलं, काहींनी नुसतं ब्रँडचं नाव. त्यामुळे आजही एकाच नावाचे दोन सिगार मिळतात, एक क्यूबाचा आणि एक डॉमिनिकन रिपब्लिकचा.

आणि फेब्रुवारी १९६२ ला व्यापारबंदी लागली. एका दिवसात अमेरिकेतल्या प्रत्येक ह्युमिडॉरचा अर्थ बदलला! काल त्यात ओढायची वस्तू होती, आज त्यात पुन्हा न मिळणारी वस्तू होती. बंदीच्या आधीचा सिगार बाळगणं कायदेशीर, नंतर आणलेला बेकायदा. म्हणजे पेटीतलं वय हे आता चवीपुरतं राहिलं नाही, ते मालाचा परवानाच झालं. 'बंदीपूर्व' नावाचा वेगळा बाजार उभा राहिला. लोक ओढण्याऐवजी साठवायला लागले.

केनेडींच्या १,२०० चा माझा साधा हिशेब : दिवसाला दोन धरले तर ६०० दिवस. सहीपासून डॅलसच्या गोळीपर्यंत साधारण ६५० दिवस होतात. सत्तेच्या जोरावर भरलेला साठा त्यांच्या आयुष्याला जेमतेम पुरला असेल.

केनेडींना विनोदी नट मिल्टन बर्ल याने भेट दिलेला एक ह्युमिडॉर होता. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला. अंदाज होता दोन-अडीच हजार डॉलरचा. गेला किती ला? ५,७४,५०० डॉलर! घेणारा होता सिगारवरच्या मासिकाचा मालक मार्विन शँकेन. एवढे पैसे मोजले ते पेटीसाठी.

बंदी २०१६ मध्ये थोडी सैल झाली, प्रवाशांना स्वतःपुरते सिगार आणायची मुभा मिळाली. २०२० मध्ये ती परत काढून घेतली.

घरातलं शास्त्र, आणि आपलं हवामान

पूर्वी घरोघरी हे सांभाळायचे कसे? पेटीत ओलसर स्पंज, कधी मातीचा भिजवलेला तुकडा. काही जण सफरचंदाची फोड टाकायचे, म्हणजे बुरशीला आमंत्रणच! मग नियम ठरला, '७०-७०'. आर्द्रता ७० टक्के, तापमान ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २१ अंश. हल्लीचे संग्राहक थोडं खाली ठेवतात, ६५ टक्के आणि १६ ते १८ अंश. थंडीत मुरणं हळू होतं आणि किडाही झोपून राहतो.

आर्द्रता मोजायला हायग्रोमीटर लागतो, आणि तो खरं बोलतोय का हे तपासायची युक्ती मला फार आवडते. बाटलीच्या झाकणात साधं खायचं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं. ते आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठाच्या वरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्राने ७१ दाखवलं तर ते चारने कमी सांगतंय. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ना, त्याच्या मागेही हाच आकडा आहे. हवा ७५ च्या वर गेली की मीठ पाणी धरायला लागतं.

आता आपलं हवामान बघा. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० च्या वर, पुण्यात एप्रिलच्या दुपारी २५-३०. म्हणजे एकाच राज्यात एका पेटीला एकीकडे सुकवायचं आणि दुसरीकडे भिजवायचं. आणि तापमान तर किड्याच्या सोयीचं. म्हणून दुबईहून कोणी काकांनी आणलेली सिगारची पेटी काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेली असते ना, ती बहुतेक वेळा आतून मेलेली असते. फ्रीजमध्ये उघडी ठेवली तरी तेच, कारण हल्लीचा फ्रीज हवा कोरडी करतो. किड्यासाठी गोठवायचं तर हवाबंद पिशवीत, तीनेक दिवस उणे १८-२० अंशांत, मग एक दिवस खालच्या कप्प्यात आणि मगच बाहेर. घाई केली की पान तडकतं.

बघा, प्रत्येक पायरीवर एकच सूचना आहे : थांबा.

थांबायला कोणाला परवडतं?

आणि इथे मला मुद्द्यावर यायचंय.

सिगार वळणारा कारागीर, त्याला टॉर्सेडोर म्हणतात, दिवसाला शंभरेक सिगार वळतो. त्यातला एक दहा वर्षं मुरवून ओढायचं त्याच्या नशिबात सहसा नसतं. पण या कामगारांनी एक भारी गोष्ट केली, आणि ती पॉडकास्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांत 'लेक्टर' बसायला लागला. उंच जागी बसून कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. हात पानावर आणि कान गोष्टीवर! आपण बसमध्ये इअरफोन लावतो, त्याचा हा पणजोबाच. त्यांची एक लाडकी कादंबरी होती 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो', आणि १९३५ च्या 'माँटेक्रिस्टो' सिगारला नाव मिळालं ते तिथून. चौदा वर्षं अंधारकोठडीत राहून बाहेर येणाऱ्या माणसाची गोष्ट. मुरवायच्या वस्तूला यापेक्षा नेमकं नाव सापडणं कठीण.

आता घरी या. निपाणी. बेळगाव जिल्ह्यातलं, मराठी बोलणारं, बिडीच्या तंबाखूचं मोठं गाव. तिथे सिगार नव्हता, पण वखार होती. पान तेच, साठवण तीच. व्यापाऱ्याकडे वखार आणि भांडवल, म्हणजे तो भाव चढेपर्यंत थांबू शकतो. शेतकऱ्याकडे कर्ज, लग्नं, पुढचा हंगाम. तो थांबू शकत नाही. ज्वारी असती तर निदान घरात खाल्ली असती, तंबाखू शिजवून खाता येत नाही. म्हणून भाव ठरवायचा तो थांबू शकणाऱ्याने.

मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर येऊन बसले. मागणी साधी होती, भावाची. रस्त्यावरच चुली पेटल्या. आठवड्यांमागून आठवडे ते तिथेच राहिले. म्हणजे ज्यांना थांबणं परवडत नव्हतं, त्यांनी थांबूनच लढाई केली. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी गेले.

सिगारच्या इतिहासावरच्या चकचकीत पुस्तकांत हे पान नसतं. त्यात हवाना असतं, लंडन असतं, लिलाव असतो. पण तंबाखूला वेळ लागतो आणि वेळेला पैसा लागतो, हे निपाणीइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

आणि ज्याने थांबत नाही

शेवटचा मुद्दा, शब्द दिल्याप्रमाणे. सिगार मुरल्याने चव मऊ होते, विष कमी होत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. धूर गिळला नाही तरी तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका असतोच. सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसेक सिगार ओढायचे. १९२३ मध्ये जबड्याचा कर्करोग निघाला, तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. १९३९ मध्ये ते गेले. मनाच्या सवयींचा एवढा मोठा अभ्यासक! आणि ज्याच्या फोटोत कायम सिगार असायचा, त्या फिडेल कास्त्रोने १९८५ मध्ये, देशात धूम्रपानविरोधी मोहीम चालू असताना, सिगार सोडला. ज्याच्या देशाचा हा सगळ्यात नावाजलेला माल, त्याने.

म्हणून मला विचाराल, तर या सगळ्या इतिहासातून घरी न्यायची गोष्ट सिगार नाही. पेटी आहे. आपण काय मुरवत ठेवतो, कशासाठी थांबतो, आणि आपल्या थांबण्याचा भार दुसरं कोण उचलतंय, हे बघायची सवय. पुढच्या वेळी कुठे 'दुर्मीळ', 'जुनं', 'मुरलेलं' असं लिहिलेलं दिसलं की भावाच्या चिठ्ठीसोबत हाही प्रश्न विचारून बघा : हे ठेवून देणं कोणाला परवडलं, आणि कोणाला लगेच विकावं लागलं?

तुमच्या गावात जुनी वखार, पेव किंवा धान्याचं कोठार असेल तर त्याचा फोटो आणि गोष्ट नक्की पाठवा. जमलं तर घरातल्या मोठ्या माणसाच्या आवाजात पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, काळजी घ्या.